नदी न ओलांडता मोजायची

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्याच्या बाजूने उल्हास नदी वाहते. तिची रुंदी मोजायची आहे. पाण्यात उतरायचं नाही, पुलावर जायचं नाही, मोबाईल खिशातच ठेवायचा. स्काऊटच्या पोराला दोन काठ्या आणि स्वतःची पावलं पुरतात.

पलीकडच्या काठावरचं, अगदी पाण्यालगतचं एखादं झाड हेरायचं. त्याच्या बरोबर समोर आपल्या बाजूला पहिली काठी रोवायची. तिथून काठाकाठाने सरळ २० पावलं चालून दुसरी काठी. त्याच रेषेत आणखी २० पावलं. आता काटकोनात वळायचं, नदीकडे पाठ करायची आणि मागे बघत बघत नदीपासून दूर जायचं. चालता चालता मधली काठी आणि पलीकडचं झाड एकामागे एक येतात. तिथेच थांबायचं. वळल्यापासून जितकी पावलं झाली, तितकी नदीची रुंदी! एक त्रिकोण पाण्यावर पडला, दुसरा जमिनीवर, आणि दोन्ही एकरूप. शाळेत ‘कोबाको’ म्हणून घोकलेली कसोटी ती हीच, फक्त इथे चपलांना चिखल लागतो.

ही विद्या आली लष्करातून. स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. १८७६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. शत्रूचा माग काढणं, अंतराचा अंदाज घेणं, न दिसता बघणं हे त्याचे विषय. हेरगिरीच्या आठवणींत त्याने एक भन्नाट युक्ती सांगितली आहे. हातात फुलपाखरं पकडायची जाळी आणि चित्रांची वही घेऊन तो किल्ल्यांभोवती हिंडायचा. फुलपाखराच्या पंखांवरच्या रेषा म्हणजे किल्ल्याचा नकाशा आणि ठिपके म्हणजे तोफा. पहारेकऱ्यांना वाटायचं, असेल कोणी छांदिष्ट साहेब! भाल्याने रानडुकरं मारण्याच्या खेळावर १८८९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं तेही यानेच. आणि १९०८ मध्ये मुलांसाठी नियम लिहायला बसला, तेव्हा स्काऊट हा प्राण्यांचा मित्र असतो, हेही त्यानेच लिहिलं. माणूस असा एका ओळीत बसत नाही, म्हणून तो मला आवडतो.

आदल्या वर्षी, ऑगस्ट १९०७ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर झालं होतं. मुलं २०, संघ चार: लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू. हा कर्ल्यू म्हणजे खाली वळलेल्या लांबलचक चोचीचा चिखलपक्षी. तो हिवाळ्यात आपल्या ठाणे खाडीतही उतरतो. हेंद्रेपाड्यावरून गेलेलं उल्हासचं पाणीही कल्याणच्या पुढे याच पट्ट्यातल्या खाड्यांना मिळतं. संघाचं नाव एकदा ठरलं की त्या प्राण्याचा आवाज काढता यायला हवा, असा दंडक होता. आवाज काढायचा तर आधी तो ऐकायला हवा, ऐकायचा तर चिखलात गप्प बसायला हवं. निसर्गप्रेमावर भाषण न देता पोरांना तासभर गप्प बसवण्याची याहून चांगली तऱ्हा मला माहीत नाही.

हिंदुस्थानात रुजेपर्यंत स्काऊट चळवळीने बरीच वळणं घेतली. हिंदी मुलांना सुरुवातीला त्यात जागा नव्हती. ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी वेगळी पथकं उभी केली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संघटना झाली. तिच्या नियमांत प्राण्यांच्या मैत्रीला निसर्गप्रेमही जोडलेलं आहे.

फुलपाखरूही हेराच्या वहीतून सुटलं. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याची मादी लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. कुंडीतल्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसली, तर फवारा मारण्याआधी पान उलटून बघावं. आता चित्र काढायचं ते पंखासाठीच.

आपल्याकडे निसर्गसंवर्धन म्हटलं की रोप लावताना फोटो आणि घोषणांची फेरी. त्यालाही नाव ठेवत नाही. पण नदीचं काय चाललंय हे कळायला वही लागते. उल्हासवर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते आणि पाणी कुठे संपलं, काठ कुठे सुरू झाला, तेच डोळ्यांना कळेनासं होतं. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांना तारखेनिशी आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदी मूळची किती रुंद, हे मोजून ठेवलेलं असेल तरच ती किती फुगली हे सांगता येतं. पावसाळ्यात अर्थात काठाकडे फिरकायचं नाही. मोजमाप दिवाळीनंतर, मोठं माणूस सोबत घेऊन.

रुंदी मिळाली की पुढची गंमत. पुलावरून दोरीला दगड बांधून खोली बघायची. काठाने १० मीटर अंतर आखून, प्रवाहात पडलेलं पान ते किती सेकंदांत कापतं हे मोजायचं. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. समजा रुंदी ४० मीटर, सरासरी खोली १ मीटर आणि पानाला लागले २० सेकंद. गुणाकार केला की येतात सेकंदाला १७ हजार लिटर. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात येणारा १० हजार लिटरचा टँकर धरला, तर तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत असे पाच-सात टँकर समोरून निघूनही गेले.