चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : जुनी आलिशान गाडी घेताना आणि सांभाळताना

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी रात्री झोपण्याआधी मोबाइलवर जुन्या मर्सिडीजच्या किमती चाळलेल्या असणार. आठ लाखांत ई-क्लास! शेजारच्या शोरूममध्ये तेवढ्यात नवी छोटी हॅचबॅक मिळते. मग मनात येतंच, की आपण का घेऊ नये?

घ्यावी की नाही, हे मी सांगणार नाही. घेतल्यावर काय होतं आणि का होतं, ते सांगतो. निर्णय तुमचा.

किंमत एवढी का पडते?

थोडा इतिहास बघू. मर्सिडीजची भारतातली जुळणी १९९५ साली आपल्या पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू झाली. पुढे २००९ मध्ये चाकणचा कारखाना आला. बीएमडब्ल्यूने २००७ साली चेन्नईत जुळणी सुरू केली, आणि त्याच सुमारास ऑडी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आली. इथे जुळणी झाल्यामुळे या गाड्या रस्त्यावर बऱ्याच दिसू लागल्या. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्या आज दहा ते अठरा वर्षांच्या झाल्या आहेत. जुन्या बाजारात ज्या दिसतात, त्या बहुतेक याच.

या गाडीचा पहिला मालक चार-पाच वर्षांत ती बदलतो. वॉरंटी संपली की त्याला कटकट नको असते. दुसरा मालक थोडी हौस करतो. तिसऱ्याच्या वेळेला मोठ्या दुरुस्त्या जवळ आलेल्या असतात, आणि बाजाराला हे माहीत असतं. म्हणून भाव पडतो. विकणारा तुमच्यावर मेहरबानी करत नाही. पुढच्या दुरुस्तीचं बिल त्याने किमतीतून आधीच वजा केलेलं असतं.

आता आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या भागांची किंमत उतरत नाही. समजा, गाडी नवी असताना ५० लाखांची होती आणि तुम्हाला आठ लाखांत मिळाली. तुम्ही आठ लाखांच्या गाडीचे मालक झालात, पण हेडलाइट फुटला तर तो ५० लाखांच्या गाडीचाच घ्यावा लागतो. मेकॅनिकचा वेळही तेवढाच लागतो. आपल्याकडे म्हण आहेच ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

म्हणून माझा एक ठोकताळा आहे. वर्षाच्या देखभालीचा अंदाज खरेदीच्या किमतीवरून बांधायचा नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवरून बांधायचा. तिचे दोन टक्के दरवर्षी बाजूला ठेवा. ५० लाखांची होती, तर वर्षाला एक लाख. एखाद्या वर्षी तीस हजारांत भागेल, पुढच्या वर्षी अडीच लाख लागतील. आणि खरेदीच्या दिवशीच किमतीच्या निदान पाव भागाएवढी रक्कम हातात मोकळी हवी. आठ लाख जमले असतील तर सहाची गाडी बघा, दोन राखून ठेवा. कर्ज काढून आठची गाडी घेतली आणि हात रिकामे झाले, की पहिल्या मोठ्या दुरुस्तीला ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली जाते. हप्ते मात्र चालू राहतात. असे संसार मी पाहिलेत. नवरा-बायकोत भांडण गाडीवरून होत नाही, मुलांच्या फीचे पैसे गाडीत गेले यावरून होतं.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'बारा वर्षांत फक्त ३५ हजार किलोमीटर'. आपण खूश होतो. पण गाडी दोन प्रकारे म्हातारी होते. एक चालून आणि दुसरी नुसती बसून. रबर, प्लॅस्टिक, तेल, वायरींवरचं आवरण यांना किलोमीटर कळत नाहीत. त्यांना वर्षं कळतात, ऊन कळतं. आणि आलिशान गाडीत या वस्तू साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असतात.

एअर सस्पेन्शनचं बघा. १९९८ च्या एस-क्लासमध्ये मर्सिडीजने ते दिलं. स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवाबंद पिशव्या असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. आठ-दहा वर्षांनी त्या रबराला बारीक चिरा पडतात. हवा गळते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि एक दिवस जळतो. गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. मालक गॅरेजमध्ये जातो, तिथे नवा कॉम्प्रेसर बसवून देतात, गाडी उठते. चार महिन्यांनी परत तेच! कारण गळकी पिशवी तशीच होती. बिघाड एका जागी दिसतो आणि त्याचं मूळ दुसऱ्या जागी असतं. नुसते पार्ट बदलणारा माणूस आणि मेकॅनिक यांतला फरक इथे कळतो.

कुलंटचंही तसंच. टाकी प्लॅस्टिकची, पाइपांचे जोड प्लॅस्टिकचे. वर्षानुवर्षं तापून थंड होऊन ते ठिसूळ होतात. एखादा जोड घाटात तडकतो, कुलंट जातं, इंजिन तापतं. या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते जास्त तापलं की वाकतं. जोडाची किंमत काही शे किंवा काही हजार, हेडचं काम लाखाच्या घरात. म्हणून तापमानाचा इशारा आला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची. 'पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही. तेवढ्या अंतरातच इंजिन जातं.

प्रत्येक मॉडेलचं एक दुखणं

कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्न फार ढोबळ आहे. विचारायचं असतं ते हे, की या मॉडेलचं, या इंजिनाचं, या सालचं दुखणं कोणतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, बीएमडब्ल्यूचं एन४७ हे डिझेल इंजिन. २००७ पासून ३२०डी, ५२०डी या गाड्यांत आलं. उत्तम ताकद, उत्तम ॲव्हरेज. पण त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती चेन आणि तिचे गाइड झिजण्याची तक्रार जगभर झाली. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं. तिथे पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी मोठी. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडून मागच्या बाजूने खरखर येते का, कान देऊन ऐका.

दुसरं, २००२ साली आलेली ई-क्लास, जिला जाणकार डब्ल्यू२११ म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेक इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक पद्धतीचे होते. त्यातलं युनिट तुम्ही किती वेळा ब्रेक दाबलात ते मोजतं आणि ठरावीक आकड्यानंतर बदलायला सांगतं. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीने लाखो गाड्या तपासणीला परत बोलावल्या. २००६ मध्ये मॉडेल सुधारलं तेव्हा पुन्हा साधे हायड्रॉलिक ब्रेक दिले. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये २००५ ची आणि २००७ ची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

तिसरं, गिअरबॉक्सचं तेल. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात लिहिलं आहे की हे तेल आयुष्यभरासाठी आहे. कोणाच्या आयुष्यभर, ते नाही लिहिलेलं! बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार यांच्या अनेक गाड्यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक असतो. ती झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. त्यात तेलाची प्लॅस्टिकची ट्रे आणि फिल्टर एकत्रच येतात, म्हणून खर्च जास्त वाटतो. पण गिअरबॉक्स उघडावा लागला तर याच्या कितीतरी पट लागतात.

बघायला जाताना

गाडी थंड असताना बघा. 'आम्ही जरा गरम करून ठेवतो' असं कोणी म्हणालं, तर म्हणा, नको, आम्ही संध्याकाळी येतो. पहिल्या दहा सेकंदांचा आवाज इंजिनाची बरीच कुंडली सांगतो.

स्कॅनिंग करून घ्या, पण बाजारातल्या साध्या ओबीडी यंत्राने नाही. ते मुख्यतः इंजिनापुरतं बोलतं. या गाड्यांत डझनावारी कंट्रोल युनिट असतात आणि ती सगळी वाचायला त्या त्या कंपनीची प्रणाली लागते. किलोमीटर मागे फिरवलेले असतील तर तेही इथे सापडू शकतं, कारण तो आकडा बऱ्याच गाड्यांत एकापेक्षा जास्त ठिकाणी साठवलेला असतो.

गालिचा उचलून हात लावा. ओलावा असेल तर सावध. सनरूफच्या नळ्या धूळ आणि पानांनी तुंबतात, पावसाचं पाणी आत उतरतं, आणि वायरींचे जोड नेमके गालिच्याखाली असतात. आपल्याकडच्या पावसात वर्षातून एकदा, मे महिन्यात, या नळ्या साफ करून घ्यायच्या. मुंबईत साचलेल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तर कितीही चकाकत असली तरी नको.

आणि कागद. सर्व्हिसची बिलं मागा, नुसते शिक्के नाहीत. कोणता भाग कधी बदलला हे बिलावरच कळतं. वाहनकर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र हवं. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्या हा वेगळाच प्रकार आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते कायम केले, म्हणून त्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. गाडी बरी असेलही. पण दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथली नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे सगळं धरून ती खरंच स्वस्त पडते का, ते पाटीवर मांडा. पंधरा वर्षं जवळ आली असतील तर फेरनोंदणीही धरा. तिचं शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झालं, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढलं, आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा.

सांभाळताना

आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी. हा क्रम उलटा करू नका. शोरूमबाहेर स्वतंत्र गॅरेजं आता मुंबई-पुण्यात चांगली आहेत. तुमच्याच मॉडेलच्या गाड्या तिथे उभ्या दिसतात का, ते बघा.

पार्ट घेताना गाडीचा सतरा अंकाक्षरी चॅसिस नंबर द्या, म्हणजे चुकीचा भाग येणार नाही. हेही लक्षात ठेवा, की गाडी बनवणारी कंपनी सगळेच भाग स्वतः बनवत नाही. बॉश, माले, झाक्स, लेमफर्डर अशा कंपन्या ते पुरवतात. तोच भाग त्यांच्या खोक्यात घेतला तर बराच स्वस्त पडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भागही मिळतात. दाराचं हँडल, आरसा, काच तिथून घ्या. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग मात्र जुनं कधीही नाही.

आणि रोज थोडी चालवा. आठवड्यातून एकदा तासभर तरी. उभी गाडी बॅटरी खाते, आणि व्होल्टेज पडलं की इलेक्ट्रॉनिक्स भलतेसलते इशारे देऊ लागतं. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली की संगणकात तिची नोंदही करावी लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : विमा असताना एवढी चिंता कशाला?*

चांगला प्रश्न. विमा झिजेचे पैसे देत नाही, अपघाताचे देतो. त्यातही साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. दुसरं म्हणजे, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. तुमचं विमा-मूल्य सहा लाख, पण भाग ५० लाखांच्या गाडीचे. दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, दोन एअरबॅग, एवढ्यात तो आकडा गाठला जातो. चालू शकणारी गाडी कागदावर भंगार ठरते. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं, तुम्ही पुन्हा स्टार्ट मारला, तर ते नुकसान इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलं नसेल तर सहसा मिळत नाही.

*प्रश्न : मग शहाण्या माणसाने या फंदात पडूच नये का?*

असं नाही हो. पंधरा वर्षांपूर्वीची ई-क्लास आजही मुंबई-कोल्हापूर प्रवासात पाठ दुखू देत नाही. दार बंद होतानाचा तो आवाज, जड आणि शांत बांधणी, सहा-सात एअरबॅग, हे खरं सुख आहे आणि त्याची हौस असण्यात काही गैर नाही. घरात रोजच्या कामाला दुसरं वाहन असेल, राखीव पैसा असेल, आणि गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी कोणाची नोकरी अडणार नसेल, तर जरूर घ्या. यातलं एकही नसेल, तर ती आठ लाखांची नवी हॅचबॅक घ्या. वॉरंटीसह मिळेल, आणि रात्री झोप लागेल.

*प्रश्न : माझ्याकडे अशी गाडी आहे आणि मोठं बिल समोर आलंय. करू की विकू?*

त्या बिलानंतर गाडीत आणखी काय काय शिल्लक आहे, ते मेकॅनिककडून लेखी यादीत घ्या. यादीतलं हे शेवटचं मोठं काम असेल तर करा, कारण तुम्ही दुरुस्त करून विकलेल्या गाडीचा फायदा पुढच्याला मिळेल. यादीत हे पहिलंच असेल, तर आजवर घातलेले पैसे मोजत बसू नका. ते गेले. पुढे किती लागणार आणि ते तुमच्याकडे आहेत का, एवढंच बघा.