आधी घासकाम, मग रंग

परभणीकडची जुनी मोटारसायकल विकत घेताना तिच्या टाकीच्या चकाकीकडे पाहू नये. खाली बसावे आणि पुढच्या मडगार्डच्या आतून बोट फिरवावे. आपली काळी जमीन पावसात फुगते, चाकाला धरते, चाकाबरोबर वर जाते आणि मडगार्डच्या पोटात बसते. वरून ती वाळलेली दिसते, आत मात्र ओल कितीतरी दिवस राहते. पत्रा आतल्या बाजूने गंजत येतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा गंजाचे बरेचसे काम उरकलेले असते. म्हणून जाणता पेंटर गाडी आली की रंगाचे विचारत नाही. चाक फिरवतो, मडगार्डच्या आत हात घालतो, टाकीच्या बुडाची शिवण चाचपतो आणि मगच बोलतो.

या माणसांविषयी आणि त्यांच्या कामाविषयी मला फार आदर वाटतो. परभणीतून बाहेर पडणाऱ्या जिंतूर रोड, वसमत रोड, गंगाखेड रोड अशा रस्त्यांच्या कडेला, किंवा सेलू-मानवतच्या बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये हे काम चालते. तारेवर टांगलेल्या टाक्या, एक कॉम्प्रेसर, पाण्याची बादली, थिनरचा वास. पाहणाऱ्याला वाटते, गनमधून रंग उडवला की झाले. पण चार दिवसांच्या कामात गन हातात असते ती तासभर. बाकी सगळे घासकाम.

गाडी इथे काय काय सोसते ते आधी पाहायला हवे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे युरियाची ४५ किलोची पिशवी, हंगामात फवारणीचा पंप. कॅनची कड साइड पॅनेलला रोज एकाच जागी घासते आणि तिथे तळहाताएवढे टक्कल पडते. फाटक्या पिशवीतले खताचे दाणे कॅरियरच्या सांध्यात अडकतात, हवेतली ओल ओढून घेतात. पोटॅशमधले क्लोराइड तर लोखंडाला मिठासारखेच खाते. बसणाऱ्याचे गुडघे टाकीच्या दोन्ही गालांवरचा रंग झिजवतात. झाकणाभोवती पेट्रोल सांडून रंग मऊ पडतो. आणि दिवसभर गाडी उभी असते धुऱ्यावरच्या बाभळीखाली, जिची सावली नावालाच. उन्हातली अतिनील किरणे रंगातला चिकट घटक आणि रंगद्रव्य दोन्ही मोडतात. लाल सगळ्यांत आधी विटतो. काळा टिकतो, कारण त्यातली काजळी ते किरण स्वतःच शोषून घेते. जुन्या गाड्यांत काळी उठून दिसते आणि लाल गुलाबीवर येते, त्याचे कारण हे.

कामाला सुरुवात होते ती सुट्या भागांपासून. टाकी, साइड पॅनेल, मडगार्ड, वायझर उतरवायचे. मोनोग्राम, रबर, वायरी बाजूला काढायच्या. जो पेंटर गाडी न खोलता वर्तमानपत्र चिकटवून रंग मारतो त्याचे काम रबराच्या कडेवर उडालेल्या रंगावरून ओळखू येते. मग जुना रंग. सगळा काढायचा की नाही, हा पहिला कसोटीचा निर्णय. जिथे कारखान्यातला थर पत्र्याला घट्ट धरून आहे तिथे तो ठेवावा. कारखान्यात प्रायमर विजेच्या साहाय्याने पत्र्याच्या कानाकोपऱ्यात बसवतात आणि भट्टीत भाजतात. शेडमध्ये तसा थर बसवणे शक्य नसते. जिथे फोड आहेत, पापुद्रे आहेत तिथे मात्र चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचे. गंजाच्या खड्ड्यांवर फॉस्फरिक आम्लाचे रसायन लावतात. ते गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. नंतर धुऊन, सुकवून लगेच प्रायमर. उघडा पत्रा पावसाळ्यात एक रात्र तसाच राहिला तरी सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते.

टाकीचा पोचा काढणे अवघड. पत्र्याचे दोन भाग जोडून केलेले ते बंद भांडे. आतून हातोडी घालता येत नाही. पोच्यावर तार किंवा सळई डाख देऊन जोडतात आणि बाहेर ओढतात, उरलेला खळगा मेटल पेस्टने भरतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आतल्या वाफेला ठिणगी पुरते. म्हणून शहाणा कारागीर आग जवळ नेण्याआधी टाकी धुतो आणि पाण्याने भरून घेतो. मेटल पेस्टमध्ये हार्डनर किती घालायचा हे तो रंग पाहून ठरवतो. जास्त पडला तर सुरीवरच दगड होतो, कमी पडला तर आत कच्ची राहते आणि महिन्याभराने वरच्या रंगावर तिची कड उमटते.

पेस्टची ही लांबी भरली, वाळली, की खरे काम सुरू होते. आधी १८० किंवा २२० नंबरचा पेपर, मग ४००, मग ६०० आणि ८००, पुढचे सगळे पाण्यात भिजवून. पेपर बोटांनी धरला तर बोटांच्या रेघा पडतात, म्हणून तो रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा. मधेच काळ्या रंगाची नुसती धूळ फवारतात आणि पुन्हा घासतात. उंच जागेवरचा काळा निघून जातो, खोल जागेवरचा राहतो. कुठे अजून भरायचे ते पत्राच सांगतो. शेवटची परीक्षा डोळ्यांची नसते. तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ कापड ठेवून, मान दुसरीकडे वळवून, हात टाकीवरून फिरतो. कारखान्यातला रंगाचा सगळा थर मिळून साधारण १०० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा. तेवढ्या जाडीतला चढउतार हाताला कळावा लागतो. पुष्कळ गिऱ्हाइकांना रंग जाड हवा असतो. जाड रंग आतून नीट वाळत नाही, पुढे तडकतो. पातळ तीन हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवण्याआधी ती तासून, घासून गुळगुळीत करतात, तेव्हाच रंग धरतो आणि बेगड बसते. तोच माणूस दसऱ्याच्या तोंडावर गाडी घेऊन येतो आणि उद्या पूजेला पाहिजे म्हणतो. पेंटर नाही म्हणू शकला तर गाडीचे भले होते.

‘ड्यूको’ हा शब्द आपल्याकडे सुताराच्या तोंडीही आहे. ते एका अमेरिकी रंगाचे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीवर ब्रशने वॉर्निश चढवत आणि ती वाळायला आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून झटपट वाळणारा फवारण्याचा रंग काढला आणि जनरल मोटर्सने १९२४च्या ओकलंड मोटारींना तो निळ्या छटेत दिला. तिथून गनने रंग मारण्याचा व्यवसाय जगभर पसरला. आपले पेंटर त्या रंगाला एनसी म्हणतात. एनसी सोपा, मिनिटांत वाळणारा, चुकला तर पुन्हा घासता येणारा. दोष एवढाच की पेट्रोल लागले की मऊ पडतो. म्हणून हळूहळू पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आला. त्यात रंगाबरोबर हार्डनर मिसळावा लागतो आणि एकदा पकडला की पेट्रोल त्याचे फारसे वाकडे करत नाही. टाकीला मी तरी दुसरे काही मारू देणार नाही.

परभणीच्या हवेशी मात्र दोन्ही रंगांना जमवून घ्यावे लागते. इथल्या कृषी विद्यापीठाने नोंदलेले तापमान वर्तमानपत्रांत येते ते उन्हाळ्यात उच्चांकासाठी आणि थंडीत नीचांकासाठी. मे महिन्यात ४३ अंशांना थिनर हवेतच उडून जातो, रंगाचे थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत येतो. त्यामुळे काम पहाटे, शेडमध्ये अंगणात सडा टाकावा तसे पाणी मारून, धूळ खाली बसवून. श्रावणात उलटे. थिनर उडताना पत्रा गार पडतो, ओलसर हवेतले पाणी त्यावर उतरते आणि काळी टाकी दुधी होते. मग भाग आधी उन्हात किंवा हॅलोजनसमोर कोमट करायचे, थिनर सावकाश उडणारा घ्यायचा, पाऊस थांबायची वाट पाहायची. डिसेंबरच्या कडाक्यात पीयूचा हार्डनर सुस्तावतो आणि सकाळची टाकी संध्याकाळीही बोटाला चिकटते. वर्षभर एकच प्रमाण वापरणारा पेंटर इथे टिकत नाही.

रंगाची छटा जुळवणे ही वेगळी विद्या. राजदूत, येझदी, आरएक्स १०० यांची मागणी आता हौशी लोकांकडून येते. हरियाणातल्या एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवर बेतलेली, १७५ म्हणून ओळखली गेलेली, आपल्या भागात दूधवाल्यांची लाडकी. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी १९९६मध्ये थांबली. या गाड्यांचे मडगार्ड जाड पत्र्याचे, घासायला मजबूत. नंतरच्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांची साइड पॅनेल प्लास्टिकची. त्यांना वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते आडवे बसले तर छटा उजळ दिसते, उभे राहिले तर काळवंडते. गनचे अंतर थोडे बदलले तरी टाकी आणि पॅनेल वेगळे दिसू लागतात. म्हणून सगळे भाग एकाच दिवशी, एकाच हाताने, आणि छटेचा निकाल ट्यूबलाइटखाली नाही तर दिवसाच्या उजेडात.

रंग बदलायचा असेल तर कागदही बदलावे लागतात. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ खाली फेरबदल आरटीओला कळवावा लागतो. एमएच-२२ पासिंगची काळी गाडी लाल करून हिंडणारा पहिल्याच तपासणीत अडकतो. त्याहून महत्त्वाचे आहे चेसिस नंबरचे. तो हँडलजवळच्या लोखंडावर ठोकलेला असतो. १५ वर्षांनी नोंदणी नव्याने करताना त्याचा पेन्सिलीने ठसा घेतात. लांबी किंवा रंगाने ती अक्षरे बुजली तर मालकाला फेऱ्या घालाव्या लागतात. चांगला पेंटर तेवढी जागा झाकतो आणि शेवटी तिथे पातळ हात मारतो. जुनी गाडी घेणाऱ्यानेही तीच जागा पाहावी. नंबराभोवतीचा लेप जाड असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारताना ते फुप्फुसात जाते आणि एकदा शरीर त्याला बिथरू लागले की थोड्याशा वासानेही दम्याचा झटका येतो. तो धंदा त्या माणसाला कायमचा सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ अजिबात नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हा खरा उपाय आणि तो लहान शेडमध्ये कुठेच दिसत नाही. जुन्या पिवळ्या आणि लाल रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशाला २०१६च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली, पण ते नियम फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहेत. म्हणून कोरडे घासू नये, पाणी सोडत घासावे. आणि पोरांना त्या चिखलात खेळू देऊ नये. जो माणूस आपल्या गाडीची टाकी आरशासारखी करून देतो त्याने संध्याकाळी खोकत घरी जावे, हे मला सहन होत नाही. मजुरी ठरवताना मुखवट्याचे पैसे आपण गिऱ्हाइकांनीच वेगळे द्यायला हवेत.

शेवटी पारदर्शक क्लिअरचा हात, त्यावर १५०० आणि २००० चा पेपर, मग रबिंग आणि बफ. पूर्वी टाकीवरचे पट्टे लांब केसांच्या ब्रशने एका श्वासात ओढत. आता बहुतेक ठिकाणी रेडियमवाला साबणाच्या पाण्यावर स्टिकर सरकवून बसवतो. टाकी चेसिसवर चढते, पेंटर पाइप जोडतो, पेट्रोलचा कॉक उघडतो. पीयू पुरता पक्का व्हायला आणखी आठवडा लागतो. तोवर गाडी धुवू नका, वर कापड टाकू नका, असे बजावूनही दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचेच असते. पेंटर आत जातो, जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून आणतो आणि कॅनची कड पॅनेलला टेकते त्या जागी बांधून देतो.