मोकळी खोली आणि भाडेकरू

काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले. कित्येक कुटुंबांनी रामनगरला नव्याने संसार मांडला. घराचे मोल आपल्या तालुक्याला सांगायला नको. म्हणूनच घरातली मोकळी खोली एखाद्या शिक्षकाला देताना मालकाच्या मनात पाल चुकचुकते : उद्या हा हक्क तर सांगणार नाही ना?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क मिळतो. त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यातील परवान्याने फक्त वापरण्याची मुभा मिळते. मात्र केवळ कागदाच्या मथळ्यावरून निकाल लागत नाही. असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली उभयपक्षांचा हेतू आणि जागेचा स्वतंत्र ताबा यांना महत्त्व दिले.

वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातूनच ११ महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. महिनेवारी भाडेकरूला, करारात वेगळे ठरले नसल्यास, १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे कायदा त्यालाही वाऱ्यावर सोडत नाही.

तेव्हा भाडे, अनामत, वीज-पाणी व मुदत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि दरमहा पावती द्यावी. चोख कागदाने मालकाचे घर सुरक्षित राहते आणि परगावच्या माणसाला निर्धास्त निवारा मिळतो.