गच्चीवरील तार

यंदा वळवाचा पहिला गडगडाट झाला, तेव्हां आमच्या वहिनींनीं नेहमींप्रमाणें नातवंडांस वरच्या दिवाणखान्यांत नेऊन निजविलें. आमच्या पुण्याच्या जुन्या घराच्या गच्चीवर एक लोखंडी खांब आहे व त्याच्या शेंड्यापासून एक तांब्याची तार भिंतीवरून खालीं उतरते. "भावोजी, आप्पांनीं विजेचा गज लावून ठेविला आहे, काळजी कसली?" असा वहिनींचा निर्वाळा. आप्पा म्हणजे आमचे आजोबा. धाकट्या पुतण्याचें म्हणणें निराळें : खांब गंजला आहे, तो भंगारांत द्यावा.

वस्तूचें लक्षण निश्चित केल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये आणि तिचा त्यागही करूं नये, असें आम्हीं शाळेंत जन्मभर शिकविलें. म्हणून दुसरे दिवशीं आम्ही स्वतः गच्चीवर गेलों.

पहिली गोष्ट ही दिसली कीं, तार खांबास भिडलेलीच नव्हती. दोहोंमध्यें चिनी मातीचा अंड्याएवढा गट्टू होता. चिनी माती विजेस वाट देत नाहीं. विजेच्या गजांत असा अडसर कोणी घालणार नाहीं. त्याचें टोंक, भिंतीवरची जाड पट्टी व जमिनींत पुरलेला पत्रा हीं अखंड जोडलेलीं असावीं लागतात. दुसरी गोष्ट, गच्चीच्या समोरच्या कडेस एका तुटलेल्या खांबाचें बूड व तसाच एक गट्टू सांपडला. म्हणजे तार पूर्वीं दोन खांबांमध्यें आडवी ताणलेली होती. अंतर सुमारें साठ फूट भरलें. तिसरी गोष्ट, खालीं उतरणारी तार जमिनींत न जातां खिडकीच्या चौकटींतील चिनी मातीच्या नळींतून थेट दिवाणखान्यांत शिरत होती.

मग संशय उरला नाहीं. ही जुन्या रेडिओची एरियल होय. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुण्यास केंद्र मिळालें तें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. मधल्या काळांत पुणेकरांस शंभरांहून अधिक किलोमीटर दूरच्या मुंबईचे सूर पकडावे लागत. मध्यम लहरींची लांबी सुमारें दोनशें ते साडेपांचशें मीटर. त्या टिपण्यास तार लांब व उंच असलेली बरी. पुढें रेडिओच्या पोटांतच फेराइटची कांडी बसूं लागली आणि गच्चीवरच्या तारा विसरल्या गेल्या.

दूरदर्शनच्या अँटेनाशीं हिची गल्लत होऊं नये. तिच्यांत एकाच दांड्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्या असतात. जपानांत उडा व यागी ह्यांनीं १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेली ती रचना. तिच्या आखूड नळ्यांचें टोंक प्रक्षेपण केंद्राकडे असतें. पुण्यांत बहुधा सिंहगडाकडे.

आतां मुख्य मुद्दा. वीज पडती, तर ही तार घर राखणारी नव्हे, तर विजेस घरांत आणणारी ठरती. आणि मुलें निजत तीं त्याच खिडकीखालीं! खिडकीशीं पात्यांचा एक जुना खटका आहे. तो खालीं ओढला म्हणजे एरियल जमिनींतील तारेस जोडली जाई. आमचेकडे ती जमिनीची तार फरशी बदलतांना केव्हांच तोडली गेली आहे.

नव्वदी उलटलेल्या आत्याबाईंस विचारलें, तेव्हां त्या चटकन् म्हणाल्या, "ढग वाजूं लागले कीं आप्पा ताटावरून उठून तो खटका ओढीत. आम्हां मुलांना हात लावूं देत नसत."

वहिनी क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे घर राखीत होते ते आप्पा, खांब नव्हे." आप्पा गेले, खटक्याचा उपयोग विस्मृतींत गेला, पण 'विजेपासून रक्षण' हे शब्द मात्र खांबास चिकटून राहिले.

त्याच रात्रीं मुलांचीं अंथरुणें खालच्या मजल्यावर, खिडकीपासून दूर गेलीं. तार व खांब आतां उतरविला असून जाणत्या माणसाकडून खरा विजेचा गज बसवून घेण्याचें ठरलें आहे. एक गट्टू आम्हीं आपल्या मेजावर ठेविला आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या गच्चीवर असा वडिलार्जित खांब असेल, त्यांनीं पावसापूर्वीं एकवार वर जाऊन तार कोठून निघते व कोठें संपते एवढें पाहावें, अशी आमची विनंति आहे.