वहीखाते सर्व्हरवर चढवताना

दिवा-वसईची गाडी जिथे मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जाते, त्या कोपर स्टेशनच्या परिसरात आम्ही एका फर्निचर बनवणाऱ्या बंधूंच्या दुकानात बसलो होतो. प्लायवूड किती आले, किती कापले, कुणाकडे किती उधारी, हे सारे तीन वह्यांत आणि एका मोबाईलमध्ये विखुरलेले. संगणकावर आणायचे तर सॉफ्टवेअरचे वार्षिक भाडे परवडत नाही, ही त्यांची तक्रार.

उपाय मुंबईतलाच निघाला. ऋषभ मेहता यांच्या घरचा धंदाही फर्निचरचाच. तिथे हिशोबाची यंत्रणा बसवताना आलेल्या अडचणींतून त्यांनी पुढे स्वतःच 'ईआरपीनेक्स्ट' घडवले. कंपनी २००८ सालची. त्याखालचा सांगाडा म्हणजे 'फ्रॅपे फ्रेमवर्क'. दोन्ही मुक्त परवान्याची, परवान्यापोटी पैसा नाही. खर्च आहे तो भाड्याच्या सर्व्हरचा आणि बसवणाऱ्याच्या मेहनतीचा.

सर्व्हर लिनक्सचा, उबुंटू असल्यास सोयीचा; मेमरी ४ जीबी तरी हवी. त्यावर पायथन, नोड, रेडिस आणि हिशोब साठवणारा मारियाडीबी बसवतात. मग 'बेंच' नावाचे अवजार साइट उभी करते. येणाऱ्या-जाणाऱ्याला एनजिनएक्स वाट दाखवतो, बंद पडलेले काम सुपरवायझर पुन्हा चालू करतो. बेंच 'रूट' म्हणून चालवू नये, वेगळा वापरकर्ता काढावा. मारियाडीबीत अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाचे नाव मराठीत लिहा की उर्दूत, प्रश्नचिन्हे उमटत नाहीत.

खरी मेख बॅकअपची. बेंच प्रत काढते, पण आपण सांगितले नाही तर ती त्याच सर्व्हरवर पडून राहते. आम्ही हे फटका बसल्यावर शिकलो. सर्व्हर गेला, प्रतही गेली, आणि दोन महिन्यांची उधारी गिऱ्हाइकांच्या आठवणीवर सोडावी लागली. काहींनी इमानाने सांगितली, काहींना काही आठवलेच नाही! तेव्हापासून रोज रात्री प्रत दुकानातल्या डिस्कवर उतरवतो. सोबत साइटची कॉन्फिग फाइलही, कारण साठवलेले पासवर्ड उघडणारी किल्ली तीत असते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडूनही पाहतो.

कोपरच्या बंधूंनी आधी फक्त प्लायवूडचा साठा चढवला आहे. सर्व्हरचा पासवर्ड बसवणाऱ्या मुलाकडे एकट्याकडे न ठेवता आम्ही त्यांच्याही हाती दिला. उधारीची वही अजून गल्ल्यातच आहे. सहा महिने साठा जुळला तर तीही चढवू म्हणतात.