वेबसाइट भारी दिसते, पण भरवशाची आहे का?



परवा एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करतायत. म्हणाल्या, "सर, उद्यम रजिस्ट्रेशन झालं एकदाचं. अडीच हजार भरले." मी म्हटलं, "अहो ताई, ते तर फुकट असतं!" झालं असं, की गूगलवर सगळ्यात वर दिसलेली साइट त्यांनी उघडली. तिरंगा, टापटीप फॉर्म, सरकारी भाषा. होती मात्र खाजगी एजंटची.

ताई शिकलेल्या नाहीत म्हणून फसल्या, असं समजू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थीही असेच चकले. २०१७ साली सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू या संशोधकांनी २५ विद्यार्थी, १० इतिहासतज्ज्ञ आणि १० फॅक्ट-चेकर यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेला छोटासा गट. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना हा छोटा गटच जास्त भरवशाचा वाटला!

का? नाव भारदस्त, लोगो छान, लेखाखाली संदर्भ. विद्यार्थी त्याच पानावर वाचत बसले. फॅक्ट-चेकरनी काय केलं? लगेच नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं. थोड्याच वेळात खरं काय ते कळलं.

आपण स्थळ बघताना काय करतो? मुलाकडच्यांचंच ऐकून होकार देत नाही. गावात चौकशी करतो. वेबसाइटचंही तसंच करा.

१. पैसे किंवा आधार नंबर देण्याआधी नवीन टॅबमध्ये त्या साइटचं नाव शोधा.
२. पहिल्याच रिझल्टवर क्लिक करू नका. तिथं 'प्रायोजित' लिहिलंय का बघा, खालचे चार-पाचही वाचा.
३. सरकारी कामासाठी साइटचं नाव 'डॉट जीओव्ही डॉट इन' नेच संपतंय का, ते तपासा.

दोन मिनिटांचं काम आहे. त्या अडीच हजारांत ताईंचा किती मसाला पॅक झाला असता, सांगा!