गोठ्यांतला ट्रॅक्टर

गेल्या पोळ्याला पाटोद्याच्या आमच्या घरीं मातीचेच बैल पुजले. गोठ्यांत बैलांच्या जागीं एक लहान ट्रॅक्टर उभा होता. आत्याबाईंनीं त्यालाही कुंकू लावलें. पण पुरणपोळी कोणत्या मुखीं द्यावी, हें त्यांना उमजेना. सारीं हसलीं. थोरले बंधू मात्र हसले नाहींत. जोडी विकावयास बाजारांत तेच गेले होते.

हा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येत आहे. वडिलार्जित जमीन आठ-दहा एकर, एक भाऊ गांवीं आणि बाकीचे पुण्या-मुंबईस. अशा घरानें बैलजोडी ठेवावी कीं लहान यंत्र घ्यावें, हा प्रश्न दिसावयास शेतीचा, पण मुळांत घराचा आहे.

पाटोद्याचा मुलूख बालाघाटाच्या रांगांतला. मांजरा येथेंच जवळपास उगम पावते, तरी पाण्याची टंचाई नित्याची. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांत गुरांसाठीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. शिवाय दसरा-दिवाळीनंतर हजारों कुटुंबें ऊसतोडीस परमुलुखीं जातात, आणि शेतावर माणूस मिळत नाहीं. यंत्राचा विचार घरांत शिरला तो या दोन वाटांनीं, हौसेनें नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1903 सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी लोकांची समजूत होती. आज भीति उरली नाहीं; उलट यंत्रावरची श्रद्धाच अंमळ अधिक झाली आहे. पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कपाशीच्या ओळींतून व सीताफळाच्या बागेंतून सहज फिरतो. कोळपणी, फवारणी, शेणखताची वाहतूक उत्तम करतो. भारी जमिनीच्या खोल नांगरटीस मात्र मोठें यंत्र भाड्यानें आणणेंच शहाणपणाचें. रोटाव्हेटर वरचेवर एकाच खोलीवर फिरविल्यास खालीं घट्ट थर बसतो व पाणी मुरत नाहीं. उताराला आडवी मशागत माती राखते हें खरें. पण उतार फार असल्यास त्याच चालींत यंत्र कलंडूं शकतें. फिरत्या दांड्यावरील झांकण कधींही काढूं नये; पदर वा धोतराचा सोगा त्यांत अडकण्यास क्षणही लागत नाहीं. आणि मुलांना चाकावरच्या पत्र्यावर बसवून मिरविणें हें कौतुक नव्हे.

आतां हिशेब. उभा बैल कडबा खातो, पण शेण देतो. उभें यंत्र व्याज खातें आणि कांहींच देत नाहीं. आमच्या आठ एकरांत त्याला फार तर महिनाभराचें काम. हप्ते मात्र वर्षभराचे. वाटण्या होऊन तिघांनीं तीन तुकडे घेतले असते, तर तें एकालाही परवडलें नसतें.

याचा धडा आमच्यासारख्यांनीं इतरांकडून घ्यावा. महाराष्ट्र सरकारनें 2012 सालीं अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचतगटांना नव्वद टक्के अनुदानावर 9 ते 18 अश्वशक्तीचे ट्रॅक्टर देण्याची योजना काढली. तींत यंत्र एकट्याचें नसून गटाचें. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण बाळगतों; पण सामाइक वस्तूचा चोख हिशेब आपल्यापैकीं किती घरांत राहतो?

त्या पोळ्याच्या रात्रीं बंधूंनीं मनांतलें बोलून दाखविलें. "यंत्र तुम्हीं आणलें, चालवायचें मी, आणि हप्ता थकला तर बोलणींही मींच ऐकायचीं?" आम्हां दोघां धाकट्यांपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं एक वही घातली. हप्ता तिघांचा, चालविणाऱ्याची मजुरी आधीं, मग नफा, शेजाऱ्यांचें काम तासावर, रोखीनें. जमीन कागदोपत्रीं कोणाचीही असो, मशागत एकत्र.

बंधूंनीं एकच अट घातली: खतासाठीं एक गाय हवी. ती आली आहे. आत्याबाईंचा घांस आतां तिच्या मुखीं जातो, आणि ती वही देवघराच्या फळीवर असते.